बेत दुकानातून घरात आला, त्याची गोष्ट

नवरात्र महिन्यावर आलं की बडोद्याच्या मंगळ बाजारात आणि नवा बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. तयार चणियाचोळ्यांच्या, म्हणजे गरब्याच्या घागरा-चोळीच्या, राशी लागलेल्या असतात, भाव करायचं कसब असेल तर स्वस्तात मिळूनही जातात. तरीही त्याच गर्दीतून काहीजणी मीटरवर कापड, गठ्ठ्याने काठ आणि पुडीभर आभले घेऊन घरी येतात आणि रात्री जागून शिवत बसतात. पैसे वाचतात म्हणाल, तर लेस आणि अस्तराचा हिशोब मांडल्यावर फारसे वाचत नाहीत. ही निव्वळ हौस आहे. तिच्या मागची वाट मात्र बरीच लांबची आहे.

घरगुती शिवणाचा इतिहास सांगताना बहुतेकजण मशीनपासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. सुई-दोरा घरात कायमच होता. घरात नव्हतं ते बेतणं. अखंड कापडावर माप टाकून कात्री चालवायची हिंमत आणि ते शास्त्र दुकानात होतं. ते घरात कसं आलं, हे पाहिलं की बाकीचे धागे आपोआप सुटतात.

बडोदं १७३४पासून कायमचं गायकवाडांकडे आलं आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांनी आपला पेहराव इथे आणला. त्यातला मोठा भाग न शिवलेला: लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं. शिवलेलं जे होतं, त्यातलं बाळंतविड्याचं सगळं, म्हणजे झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, घरातच हाताने व्हायचं. गोधड्या तर घरच्याच. चोळीही अनेक घरांत बायका स्वतः शिवत, आणि ते शक्य होतं त्याला कारण चोळीच्या रचनेत आहे. खण हा एका चोळीपुरताच तुकडा. तो सरळ आणि तिरक्या रेघांत कापला की चोळीचे भाग निघतात, वाया काही जात नाही. पुढे गाठ मारायची, त्यामुळे हूक नाही, काज नाही, बटण नाही. अंग भरलं किंवा उतरलं तरी गाठ कमी-जास्त केली की झालं. वितीने आणि बोटांनी मोजून भागत असे. टेपची गरजच नव्हती.

पुरुषांचे अंगरखे आणि बाराबंद्या शिंप्याकडे जात. तिथेही काप मुख्यतः सरळच. घेर हवा तर कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या, जोडायच्या, हात मोकळा हलावा म्हणून बगलेत चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा, बसवायचा. हातमागाच्या अरुंद पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, जास्तीत जास्त कपडा काढायचा असेल तर याहून शहाणी पद्धत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हे बदललं. जाकीट, पोलकं, मग ब्लाऊज आला. त्या पिढीच्या श्रीमंत घरांतली छायाचित्रं पाहा: नऊवारी तशीच आहे, पण आत फुग्याच्या बाह्या, लेसची कॉलर, छातीवर चुण्या. हा कपडा सरळ रेघांत निघत नाही. त्याला मुंढा, म्हणजे बाही जोडायचा खांद्यापासून बगलेपर्यंतचा गोल काप, लागतो, गळ्याचा गोल लागतो, कापड अंगाला बसवणाऱ्या चिमट्या, म्हणजे टक्स, लागतात. आणि मुंढा हे मोठं फसवं प्रकरण आहे. पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जरा जास्त खोल कापावा लागतो, कारण आपले हात पुढे जातात. बाहीच्या माथ्याचा गोल मुंढ्याच्या गोलापेक्षा थोडा मोठा ठेवायचा आणि जोडताना ते जास्तीचं कापड चुण्या न पडू देता खेळवून बसवायचं. हे जमलं नाही तर हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर चढतो. दिसताना सगळं ठीक दिसतं. दोष कळतो तो कपडा अंगात घातल्यावर, तोवर कापड कापून झालेलं असतं. हे ज्ञान शिंप्याच्या दुकानात बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे जायचं. चोळी स्वतः शिवणाऱ्या बाईच्या नातीला पोलक्यासाठी शिंप्याची पायरी चढावी लागली, ती अशी. कपडा आधुनिक झाला आणि बाई परावलंबी झाली. प्रगतीच्या कथांमध्ये ही बाजू सहसा कुणी सांगत नाही.

मशीन याच सुमारास आलं. इलायस हाऊने १८४६मध्ये पेटंट घेतलं, आयझॅक सिंगरने १८५१मध्ये. दोघांत कज्जे झाले आणि सिंगरला हाऊला रॉयल्टी द्यावी लागली. सिंगर कंपनीचं खरं डोकं दिसलं ते १८५६पासून सुरू झालेल्या हप्त्याच्या विक्रीत. भारतात तिचा कारभार मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी वाढवला. अडचण उघड होती: ज्या देशात निम्मे कपडे शिवलेलेच नाहीत, तिथे शिवणयंत्र विकायचं कुणाला? पहिलं मोठं गिऱ्हाईक अर्थातच शिंपी.

गांधीजींनी १९२४मध्ये यंत्रांवर बोलताना सिंगरच्या मशीनला अपवाद ठरवलं. आजवर लागलेल्या मोजक्या उपयोगी शोधांपैकी हा एक, असं ते म्हणाले, आणि बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरला ते सुचलं अशी कथाही त्यांनी सांगितली. कथा गोड आहे. खुद्द सिंगरसाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी एकाहून जास्त संसार थाटले होते, तेव्हा नेमक्या कोणत्या बायकोचे कष्ट, हा प्रश्न उरतो. मुद्दा मात्र खरा होता, घरातल्या बाईचा वेळ वाचत होता.

पण मशीन मारतं ती टीप. ते बेतत नाही. मशीन आलेल्या घरात परकर, अभ्रे, पडदे, झबली भराभर निघू लागली. पोलक्याचं कापड मात्र शिंप्याकडून कापून आणायचं आणि टिपा घरी मारायच्या, अशी तडजोड चालायची.

बडोद्यात ही कोंडी फुटली, त्यात संस्थानाचा वाटा मोठा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली भागात आणि १९०६पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसह. १८९०मध्ये कलाभवन उभं राहिलं, तिथे विणणं आणि रंगवणं यांचं तांत्रिक शिक्षण सुरू झालं. मुलींच्या वाट्याला त्या काळी शाळेतली शिवण आली: धावदोरा, हेम, काज, रफू, आणि प्रत्येकाचा नमुना चिकटवलेली वही. ती वही सुबक असायची, पण तिच्यातून पोलकं निघत नसे.

निर्णायक पाऊल १९१४चं. त्या वर्षी महाराणी चिमणाबाईंच्या नावाचं स्त्री उद्योगालय सुरू झालं. या चिमणाबाई म्हणजे दुसऱ्या. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीचं नावही चिमणाबाईच होतं आणि त्या १८८५मध्ये वारल्या. दुसऱ्या चिमणाबाईंनी पडदा सोडला, आणि १९२७मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा अध्यक्षस्थानी त्याच होत्या. उद्योगालयाचा हेतू हौस हा नव्हताच. ज्या बाईला आधार नाही तिने चार पैसे मिळवावेत, म्हणून शिवण, भरतकाम आणि तशीच कामं शिकवायची, हा विचार होता. माझ्या मते इथेच गाडी रुळावर आली. नुसत्या सरळ टिपेला बाजारात कोण पैसे देणार? कमवायचं तर माप घ्यायला, बेतायला आणि अंगावर बसवून द्यायला शिकणं भाग होतं. जे कसब हौसेपोटी कुणी शिकवलं नसतं, ते पोटापाण्याच्या निमित्ताने बायकांच्या हातात आलं. खात्यापित्या घरांतल्या बायका तेव्हा भरतकाम करत होत्या. तेही सुंदरच, पण त्याने अंगात घालायला काही मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर दुसरा धक्का विद्यापीठाने दिला. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९मध्ये स्थापन झालं, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. १९५०मध्ये गृहविज्ञान शाखा निघाली आणि तिच्यात वस्त्र आणि कपडे हा स्वतंत्र विभाग झाला. 'गृहविज्ञान' म्हटलं की तेव्हाही नाकं मुरडली जात, आजही मुरडतात. पण त्या वर्गांत तंतू ओळखायला, आखणी करायला, एका मूळ साच्यातून वेगवेगळे कपडे काढायला शिकवत. शिंप्याच्या बोटांत असलेलं ज्ञान इथे फळ्यावर आणि कागदावर आलं. त्यातल्या काही मुली पुढे शिक्षिका झाल्या, काहींनी घरीच क्लास काढले.

मग आली शिवणक्लासची सद्दी. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांत माडीवरच्या खोलीत दोन-तीन पायमशीनं, एक लांब पाट, भिंतीवर टेप आणि दुपारी दोन ते चार बायकांचा घोळका. स्वदेशी मशीन आवाक्यात आलं होतं. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात काढलेली उषा मशीनं आता घरोघर दिसत होती, आणि उषाच्या नावाने शिवणशाळाही चालत. क्लासची वही आमच्याकडे अजून आहे. डाव्या पानावर मापं, उजव्या पानावर पतंगाच्या कागदातून कापलेला बोटभर ब्लाऊज किंवा फ्रॉक चिकटवलेला. बडोद्यात पतंगाचा कागद कधीच कमी पडला नाही. मापं अशी: छाती ३६, तिचा चौथा भाग ९, त्यात ढिलाई आणि शिवणीसाठी दीड इंच. सगळा कपडा छातीच्या मापाच्या भागांतून उभा राहतो. चौथी शिकलेल्या बायका हे अपूर्णांक तोंडी करत. आधी खाकी कागदावर आखणी, मग मांजरपाटावर, मग खऱ्या कापडावर. बाई नवीन मुलीला पहिले काही दिवस कात्रीच देत नसत.

या क्लासमध्ये हौस, काटकसर आणि लग्नाच्या बाजारातली पात्रता यांची सरमिसळ होती. मुलीला शिवण येतं, हे स्थळ सांगताना सांगितलं जाई. मोठ्या बहिणीचा फ्रॉक उसवून धाकटीला बसवणं, शर्टाची कॉलर उलटून लावणं, साडीचे पडदे करणं हे सगळं यात आलं. आज याच गोष्टींना टिकाऊ फॅशन म्हणतात आणि त्याच्या कार्यशाळेला फी असते.

ओहोटीची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. टेरिकॉट आलं, ते फाटेना. तयार कपडे स्वस्त झाले. बायका नोकरीला लागल्या, दुपारचे दोन ते चार संपले. मशीनवर झाकण बसलं, झाकणावर टेबलक्लॉथ, आणि वर टीव्ही.

गरज संपली तेव्हाच शौक सुरू झाला, कारण आता न शिवण्याची मुभा होती. २०२०च्या टाळेबंदीत घरगुती मास्क शिवायला अनेकांनी झाकण उघडलं आणि मास्कनंतरही ते उघडंच राहिलं. शिकवायला मोबाईलवर व्हिडिओ होते. शिकणाऱ्यांत आता पुरुषही दिसतात. दुकानात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच शिवत आले, त्यामुळे यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही.

बडोद्यात या हौशीचं पहिलं मोठं काम बहुधा चणियाच असतो, आणि तो निवडणं शहाणपणाचं आहे. पूर्ण गोल घेराचा करायचा तर कंबर ३० इंच असताना आतल्या वर्तुळाची त्रिज्या पावणेपाच इंच येते. उंची ३८ धरली तर एकूण पावणेत्रेचाळीस. ४४ पन्ह्याच्या कापडावर अर्धा गोल जेमतेम बसतो. असे दोन, म्हणजे साधारण साडेचार मीटर कापड. पण गोलाचा काही भाग आडव्या-उभ्या धाग्यावर येतो, काही तिरक्या धाग्यावर, आणि तिरका भाग लोंबतो. म्हणून चणिया रात्रभर टांगून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी खालची कड सारखी करून मगच दुमडायची. ज्यांना हे माहीत नसतं त्यांचा घेर पहिल्याच गरब्यात एका बाजूने लोळतो.

कळ्यांचा चणिया त्याहून सोपा. १६ कळ्या घेतल्या तर कंबरेला प्रत्येकी पावणेदोन इंचांहून किंचित जास्त, अधिक दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिवण. ही शिवण विसरली की १६ कळ्यांत मिळून १६ इंच गायब होतात आणि कंबर १४ची उरते. कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा मांडून कापल्या की कापड वाया जात नाही. जुना शिंपी अंगरख्याच्या कळ्या अशाच काढायचा. मुंढा नाही, टक्स नाही, सगळा सरळ काप. नवशिक्याला झेपतो तो यामुळे.

ब्लाऊजच्या बाबतीत मात्र अजून शिंप्याचंच राज्य आहे. तिथेही माप क्वचितच घेतलं जातं. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज, मापाचा म्हणून, पिशवीत घालून द्यायचा. घरी शिवणाऱ्याही पुष्कळजणी तोच कागदावर ठेवून कडेने रेघ मारतात. यात मूळ ब्लाऊजचे दोषही इमानेइतबारे उतरतात. अमेरिकेत एबेनेझर बटरिकने १८६३मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले आणि तिथलं घरगुती शिवण त्यावर वाढलं. आपल्याकडे त्याचा बाजार झाला नाही, कारण गल्लीच्या तोंडाशी शिंपी बसलेला होता आणि त्याची शिलाई परवडत होती. आता तो कमी दिसतो, शिलाईही पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि परदेशी पॅटर्न संगणकावरून उतरवून घरी छापले जातात. ए-फोरचे पंचवीस-तीस कागद चिकटपट्टीने जोडायचे असतात. जोडण्याआधी पहिल्या पानावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजावा, त्याचं माप तिथेच लिहिलेलं असतं. प्रिंटरने पान बसवायला चित्र जरासं आक्रसलेलं असलं, तर मुंढा तिथेच चुकलेला असतो.