आधी परवानगी, मग पडदा

विदर्भातल्या एखाद्या गावात समाजमंदिराच्या भिंतीवर अनुबोधपट (माहितीपट) दाखवायचं ठरलं, की पहिला प्रश्न येतो, ‘पोलीस पाटलाले सांगतलं का?’ पटात काय आहे, ते नंतर. या धास्तीमागे मोठा इतिहास आहे.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी पेटलं, त्याच महिन्यात इंग्रज सरकारने तुकडोजी महाराजांना अटक केली. त्यांच्या हातात होती खंजिरी, तोंडी भजन. गावागावात लोक जमवणारा आवाज सत्तेला सलतो, हे इथल्या माणसाने तेव्हाच पाहिलं.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, फिल्म्स डिव्हिजन हे सरकारचं लघुपट करणारं खातं स्थापन झालं. मुख्य सिनेमाच्या आधी त्यांचे लघुपट दाखवणं चित्रगृहांना बंधनकारक होतं. धरणं, खतं, योजना आणि वरून सगळं समजावून सांगणारा भारदस्त आवाज. अनुबोधपट म्हणजे सरकारी, हे समीकरण तिथूनच बसलं. गंमत म्हणजे तो आवाज मोडायचा प्रयोगही सरकारी छपराखालीच झाला. १९६५ नंतर जाँ भावनगरी यांनी सल्लागार म्हणून दिलेल्या मोकळिकीत दिग्दर्शक प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांनी ध्वनी आणि संकलनाशी बेधडक खेळ केला. शास्त्रींनी १९६७ मध्ये देशाच्याच वयाच्या, विशीतल्या तरुणांना बोलतं केलं आणि त्यांची निराशा कापून टाकली नाही. मला हे फार मोठं वाटतं. बोलणारा माणूस आणि प्रेक्षक यांच्या मधला सरकारी दुभाषा त्यांनी बाजूला केला.

पण दाखवण्याआधी परवानगी हवीच का, हा खरा पेच न्यायालयात सुटायचा होता. दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांतली श्रीमंती आणि दारिद्र्य समोरासमोर ठेवणारा छोटा अनुबोधपट केला होता. वेश्यावस्तीच्या दृश्यांवर सेन्सॉरने हरकत घेतली. खटला चालू असताना सरकारने माघार घेतली, तरी अब्बास अडून बसले. त्यांना पूर्व-तपासणीची पद्धतच घटनेच्या कसोटीवर लावायची होती. १९७० चा निकाल लिहिला सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. चित्रपट इतर कलांपेक्षा माणसाला खोलवर हलवतो, म्हणून आधी तपासणी योग्यच, असं ते म्हणाले. मात्र कलामूल्याला वाव द्या, असंही त्यांनी बजावलं. पुढच्या सगळ्या लढाया या निकालाच्या चौकटीत झाल्या. २००४ च्या मुंबईतल्या अनुबोधपट महोत्सवासाठी भारतीय अनुबोधपटांनाच सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली, तेव्हा दिग्दर्शकांनी विरोध केला आणि ‘विकल्प’ नावाने वेगळा महोत्सव भरवला.

विदर्भात कॅमेरे मोठ्या संख्येने आले ते शेतकरी आत्महत्यांमुळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने १९८६ मध्ये पत्नी-मुलांसह जीव दिला होता; पंतप्रधानांचा दौरा आणि सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आलं २००६ मध्ये. मधली वीस वर्षं पडदा जवळजवळ कोराच. कापूस, बियाणं, सावकार यांवरचे पट नंतर झाले, देशोदेशीच्या महोत्सवांत गेले. ज्यांच्या अंगणात कॅमेरा लागला, त्यांच्यापर्यंत ते परत येणं मात्र अजून त्याच परवानगीपाशी अडतं.

शिवाय सेन्सॉरविरुद्ध दाद मागायचं अपील न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये वटहुकमाने बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. घाटंजी किंवा मारेगावच्या पोराने उद्या स्वतःच्या गावावर पट केला आणि तो अडला, तर त्याला आधी वकिलाच्या फीची सोय बघावी लागेल.