संकटात देवाचा धावा : तेव्हा शरीरात आणि मनात काय घडतं?

मॉरिशस बेटावर मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या कुटुंबांचे हे वंशज. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. याच समाजातल्या 75 स्त्रियांवर मार्टिन लांग, यान क्रात्की आणि दिमित्रिस झिगालातास या संशोधकांनी एक प्रयोग केला आणि 2020 मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधी प्रत्येकीला सांगण्यात आलं की नैसर्गिक आपत्ती आली तर तुम्ही काय कराल याचा आराखडा तयार करा, सरकारी तज्ज्ञ तो तपासणार आहेत. चक्रीवादळं आणि पूर त्या बेटाला नवे नाहीत, त्यामुळे ताण यायचा तो आलाच. मग काही जणींना गावातल्या देवळात जाऊन नेहमीसारखी पूजाअर्चा करायला सांगितलं आणि बाकीच्यांना दुसरीकडे नुसतं शांत बसायला. सगळ्यांच्या हृदयाचे ठोके टिपणारी उपकरणं अंगावर होतीच.

देवळात जाऊन आलेल्यांची काळजी नुसत्या बसलेल्यांपेक्षा कमी झाली होती. त्या तसं सांगत होत्या आणि त्यांचं हृदयही तेच सांगत होतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘बरं वाटलं’ असं माणूस संशोधकाचं मन राखायलाही म्हणू शकतो, पण हृदयाची लय तशी कुणाचं मन राखायला सहज बदलता येत नाही.

निरोगी हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं. श्वास घेताना ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूपासून निघून छाती-पोटात उतरणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. माणूस घाबरला की या नसेची पकड सैल होते, ‘लढ नाहीतर पळ’ सांगणारी यंत्रणा पुढे येते, आणि ठोके जलद व एकसुरी होतात. हा चढउतार पुन्हा वाढला, तर शरीर धोक्याच्या स्थितीतून बाहेर येतंय असं समजायचं. मॉरिशसमध्ये देवळात गेलेल्या स्त्रियांमध्ये नेमकं हेच दिसलं. पूजेतल्या ठरावीक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचालींचा यात किती वाटा होता, हे मात्र त्या प्रयोगातून पक्कं ठरलं नाही.

श्वासाचा वाटा मात्र बराच स्पष्ट आहे. इटलीतले हृदयतज्ज्ञ लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 23 निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या : कॅथलिकांची लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. तरी दोन्ही म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येऊन स्थिरावली. रक्तदाबात मुळातच साधारण दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. श्वास तिच्याशी जुळला की रक्तदाब सांभाळणारी शरीराची स्वयंचलित यंत्रणा जास्त तत्पर होते. हे प्रयोगात मोजलं गेलं. रामरक्षा किंवा हरिपाठ संथ लयीत म्हणणाऱ्यांच्या शरीरातही असंच काही होत असावं, असा माझा तर्क आहे. घाईघाईत उरकलेल्या पाठाबद्दल मी तसं म्हणणार नाही.

पण श्वासच संथ करायचा तर त्याला देव कशाला हवा? आणि माणूस एरवी न करता संकटातच का धावा करतो? इथे मानववंशशास्त्राकडे वळावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मॅलिनोव्स्की आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला. तिथले कोळी आतल्या, शांत खाडीत मासे धरताना काहीच मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र विधींवर विधी. खाडीत कौशल्य पुरतं. खुल्या समुद्रात कितीही कौशल्य असलं तरी काही गोष्टी हाताबाहेरच राहतात. शंभर वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण आजही टिकून आहे. मार्च 2020 मध्ये करोना पसरू लागला तेव्हा कोपनहेगनच्या अर्थशास्त्रज्ञ यानेट बेंटझेन यांनी शंभरहून अधिक देशांतले गूगल शोध तपासले. प्रार्थनेविषयीचे शोध तोवरच्या सर्वोच्च पातळीवर गेले होते. आपल्याकडे त्याच वर्षी वारी पायी निघू शकली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लोकांनी घरी बसून विठ्ठलाला हाक मारली.

मला सर्वांत बोलका वाटतो तो 2006 मधल्या युद्धाच्या वेळचा अभ्यास. लेबनॉनमधून उत्तर इस्रायलवर रॉकेटं पडत होती. त्स्फात गावातल्या धार्मिक स्त्रिया स्तोत्रं म्हणत होत्या, काही गावातच राहून, तर काही सुरक्षित ठिकाणी निघून गेल्यावर. रिचर्ड सोसिस आणि पेन हँडवर्कर यांनी दोन्हीकडच्या स्त्रियांशी बोलून माहिती जमवली. रॉकेटांच्या छायेत राहिलेल्यांमध्ये, स्तोत्रं म्हणणाऱ्यांची चिंता कमी होती. गाव सोडून गेलेल्यांमध्ये मात्र स्तोत्रांचा आणि चिंतेचा काही संबंध दिसला नाही. कारण त्यांच्या काळज्याच वेगळ्या होत्या : पैसा, परक्याच्या घरातली दाटी, मुलांचं वेळापत्रक. या काळज्या स्वतः हातपाय हलवून सोडवण्यासारख्या. रॉकेट कुठे पडणार हे मात्र कुणाच्याच हातात नव्हतं.

यातून मला जे दिसतं ते असं : जे आपल्या हातात नाही त्याच्यासमोर उभं राहताना प्रार्थना माणसाला सावरते, जे हातात आहे ते ती करून देत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या आईने देव पाण्यात घातले असतील, तर तिला हसू नये. सगळं करून झाल्यावर उरलेली ती जागा आहे. पण पोराला ताप असताना दवाखान्याआधी अंगारा शोधणं ही वेगळी गोष्ट, आणि तिथे मी स्पष्टपणे विरोधातच बोलेन.

प्रार्थनेला जपापलीकडे आणखी एक अंग आहे, संवादाचं. डेन्मार्कमध्ये उफे शोट यांनी वीस श्रद्धाळू ख्रिस्ती तरुणांच्या मेंदूचं चित्रण केलं. आपल्या शब्दांत देवाशी बोलताना त्यांच्या मेंदूतले जे भाग जागे झाले, ते समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेताना वापरले जाणारे होते. सांताक्लॉजकडे मागणं मागताना तसं झालं नाही. मेंदूच्या लेखी देव ही खरोखर समोर असलेली, ऐकणारी व्यक्ती होती. कोकणात ग्रामदैवतासमोर गाऱ्हाणं घालताना ज्यांनी ऐकलंय त्यांना हे नवं वाटणार नाही. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यापुढे मांडलेली तक्रार, आणि जमलेल्यांचा ‘व्हय म्हाराजा’ तिला साथ देतो. एकट्याचं संकट सगळ्या वाडीचं होतं.

दुसऱ्याने आपल्यासाठी नकळत केलेल्या प्रार्थनेने आजार बरा होतो का, हेही तपासून झालंय. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास झालेल्या 1802 रुग्णांवरचा अभ्यास 2006 मध्ये आला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना खात्रीने माहीत नव्हतं, त्यांच्यात 52 टक्क्यांना गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी झाली नाही त्यांच्यात 51 टक्क्यांना. म्हणजे फरक नाही. प्रार्थना होणार हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात उलट 59 टक्के.

शेवटी ती बाजू, जिच्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. प्रत्येक धावा आधार देतोच असं नाही. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी पंचावन्नच्या पुढच्या 596 आजारी रुग्णांचा अभ्यास 2001 मध्ये मांडला. ‘देवाने मला टाकलं’ असं ज्यांना वाटत होतं, त्यांचा पुढच्या दोनेक वर्षांत मृत्यू होण्याचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी जास्त होता, आणि आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही तो फरक उरला. म्हणून रुग्णाच्या उशाशी बसून ‘हे तुझ्याच कर्माचं फळ’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला राग येतो. बोलणारा उठून जातो, ऐकणारा रात्रभर त्या वाक्याबरोबर जागा राहतो.

त्यांतल्या 268 जणांची पार्गमेंट यांनी दोन वर्षांनी पुन्हा पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. दोन्ही वेळा देवाशी झगडत राहिलेल्यांची तब्येत ढासळण्याचा धोका विशेष होता. ज्यांचा झगडा तात्पुरता ठरला, त्यांच्यात तसं दिसलं नाही. आपल्या संतांनी विठ्ठलाला चारचौघांत जाब विचारला, त्याच्याशी उघड भांडणं केली, आणि तरी त्याची वारी सोडली नाही. आजारी माणूस देवावर चिडून बोलू लागला तर त्याला गप्प करू नका, बोलू द्या. आणि तो राग महिनोन्‌महिने मुरत चाललाय असं वाटलं, तर औषधांबद्दल विचारता तसं डॉक्टरांना याबद्दलही विचारा, समुपदेशकाचं नाव मागा.