बायपासनंतर छातीत पुन्हा दुखतं तेव्हा : निदानाची आणि कोडची पार्श्वभूमी

बायपास झालेल्या माणसाच्या छातीत पुन्हा दुखू लागलं की घरच्यांच्या मनात पहिली भीती येते ती ऑपरेशन वाया गेल्याची. डॉक्टरांपुढचा प्रश्न याहून बारीक असतो. दुखणं हृदयाचंच आहे का? असलं तर अडथळा कुठे आहे, मूळच्या धमनीत की जोडलेल्या ग्राफ्टमध्ये, म्हणजे रक्ताला नवी वाट देणाऱ्या नळीत? बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कित्येक मुलंमुली आज पुण्या-बंगळूरात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या कागदांना कोड, म्हणजे प्रत्येक आजाराचा ठरलेला अक्षर-अंकी क्रमांक, लावतात आणि हाच प्रश्न त्यांच्यासमोर रोज येतो. या एका दुखण्याला कोडच्या पुस्तकात इतके फाटे का फुटले, ते शस्त्रक्रियेच्या इतिहासात सापडतं.

विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं वर्णन करून त्यांनी या दुखण्याला अँजायना हे नाव दिलं. ते वर्णन आजही जसंच्या तसं लागू पडतं, पण त्याचं मूळ हृदयाच्या धमन्यांत आहे हे त्यांना उमगलं नव्हतं. जिवंत माणसाच्या या धमन्या नीट दिसायला १९५८ साल उजाडलं. अमेरिकेत क्लीव्हलँडला मेसन सोन्स तपासणी करत असताना रंगद्रव्य चुकून थेट उजव्या धमनीत गेलं आणि त्यातून अँजिओग्राफीची वाट खुली झाली. त्याच क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायातली शीर काढून हृदयाच्या धमनीला जोडली. त्याआधी १९६४ मध्ये लेनिनग्राडला वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतली धमनी वापरली होती. भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली.

शीर की धमनी, हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला. पायातली शीर कमी दाबाचं रक्त वाहण्यासाठी घडलेली असते. ती धमनीच्या जागी बसवली की तिची भिंत जाड होते, आत चरबी साचते आणि दहा वर्षांत जवळपास निम्म्या शिरा बंद तरी पडतात किंवा फार अरुंद तरी होतात. छातीच्या डाव्या भिंतीतली धमनी मात्र दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत चालू असते. ती वापरलेले रुग्ण जास्त जगतात, हे १९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच डॉक्टरांनी दाखवून दिलं आणि तेव्हापासून बहुतेक बायपासमध्ये दोन्हींचा मेळ घातला जातो.

ऑपरेशन नोटमध्ये एक ओळ असते : ‘लिमा टू एलएडी, एसव्हीजी टू ओएम, एसव्हीजी टू पीडीए’. म्हणजे छातीतली डावी धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला, आणि पायातली शीर बाजूच्या व मागच्या फांद्यांना. रुग्णाचं पुढचं सगळं दुखणं-खुपणं या ओळीच्या आधारे वाचायचं असतं. डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा नुसतं ‘सीएबीजी (म्हणजे बायपास), तीन ग्राफ्ट’ एवढंच असतं.

अर्थात बायपासनंतरचं प्रत्येक दुखणं ग्राफ्टचं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत कापलेलं छातीचं हाड, ते बांधणाऱ्या स्टीलच्या तारा, धमनी सोडवताना दुखावलेल्या नसा यांची कळ असते. हृदयावरच्या आवरणाला सूज आली तर ताप येतो, दीर्घ श्वास घेतला की टोचतं आणि पुढे वाकलं की बरं वाटतं. त्याला वेगळा कोड आहे, आय ९७.०. चालताना छाती आवळून येणं आणि थांबल्यावर जाणं ही हेबर्डन यांचीच खूण दिसली तर मात्र ईसीजी, ट्रोपोनिन ही रक्ताची चाचणी आणि गरज पडल्यास अँजिओग्राफी.

हृदय प्रत्यारोपणाची गोष्ट आणखी निराळी. केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ ला पहिलं हृदय बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. अडीच महिन्यांच्या आत मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात डॉ. पी. के. सेन यांनी तो प्रयत्न केला, पण रुग्ण काही तासांतच दगावला. भारतात यश आलं १९९४ मध्ये. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी यशस्वी शस्त्रक्रिया केली. हृदय काढताना त्याच्या नसा तुटतात. त्यामुळे नव्या हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या तरी बहुतेकांना छातीत दुखतच नाही. धाप लागते, थकवा येतो, म्हणून ठरावीक काळाने अँजिओग्राफी करत राहावं लागतं. काहींत वर्षांनंतर नसा थोड्या पुन्हा उगवतात आणि तेव्हा अँजायना जाणवू शकतो. कोडच्या पुस्तकात प्रत्यारोपित हृदयाच्या अँजायनाला जागा आहे ती यासाठी.

हे कोड ज्या रोगांच्या यादीतून येतात, तिचा उगम मृत्यूच्या नोंदीत आहे. झाक बर्टिलॉन यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि जिवंत माणसांचे आजारही तिच्यात पूर्णपणे सामावले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. तिच्यात हृदयाच्या धमन्यांच्या काठिण्याला, म्हणजे चरबी साचून त्या अरुंद होण्याला, एकच कोड आहे, आय २५.१, आणि बायपास झाल्याची खूण म्हणून झेड ९५.१. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केलेल्या स्वतःच्या आवृत्तीत मात्र फांद्या फुटल्या. शिरेच्या ग्राफ्टमध्ये अडथळा आणि अँजायना असेल तर आय २५.७१, धमनीच्या ग्राफ्टला आय २५.७२, प्रत्यारोपित हृदयाच्या मूळ धमनीला आय २५.७५. त्यापुढचा अंक अँजायना कोणत्या प्रकारचा ते सांगतो. अडथळा आणि अँजायना दोन्ही लिहिलेले असतील आणि डॉक्टरांनी वेगळं कारण दिलं नसेल, तर दोन्हींचा संबंध धरला जातो. पण कागदावर फक्त ‘छातीत दुखणे’ असेल तर कोडरने अँजायना गृहीत धरायचा नाही. तिथे आर ०७ हा छातीदुखीचा कोड आणि सोबत झेड ९५.१ लावून थांबायचं. हा संयम मला या कामातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो. अंदाजाने लावलेला कोड रुग्णाच्या नावावर पुढे वर्षानुवर्षं चिकटून राहतो.

आपल्याकडच्या सरकारी आरोग्य योजनांत पैसे पॅकेजवर, म्हणजे ऑपरेशनच्या ठरलेल्या एकरकमी दराने मिळतात, त्यामुळे शीर की धमनी हा तपशील क्लेमसाठी फारसा कुणी विचारत नाही. सीमाभागात याचा त्रास जास्त होतो. इथला माणूस उपचाराला मिरज, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी कुठेही जातो, आणि चंदगडचा माणूस बेळगावला येतो. राज्यांची हद्द १९५६ ला बदलली, तशा योजनाही दोन झाल्या : इकडे आरोग्य कर्नाटक, तिकडे महात्मा फुले योजना. तिकडची योजना ८६५ सीमागावांना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला, त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला. या सगळ्यात फाईल एका राज्यात आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात राहतो. कॅज्युअल्टीत मुलगा सांगतो, ‘बाबांचं ऑपरेशन मिरजेला झालंय सर, कागदं घरात राहिलीत.’

२००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं सांभाळायचे असतात. शिरेचं ग्राफ्ट दगा देतं ते बहुधा त्यानंतर, आठव्या-दहाव्या वर्षी. तोवर ती ‘लिमा टू एलएडी’ची ओळ हॉस्पिटलात सापडेलच याची खात्री नाही. त्याच नियमांत रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असंही आहे. घरी सोडतानाच डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोटची प्रतही मागून घ्यावी. ती पुढे कुठल्याही राज्यातल्या डॉक्टरला वाचता येते.