पार्श्वभूमी : सरकारी शास्त्रज्ञ, हवामान बदल आणि ‘अनिश्चितता’

कार्बन डायऑक्साइडचा धोका अमेरिकी सरकारला नवा नव्हता. राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी १९६५ मध्येच तो लिहून दिला होता. १९८१ मध्ये ‘नासा’ या अवकाश संस्थेतल्या जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञाच्या गटाचा तापमानवाढीवरचा शोधनिबंध वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकला आणि पाठोपाठ त्या गटाला ऊर्जा खात्याकडून मिळणारा निधी आटला.

याच हॅन्सन यांची २३ जून १९८८ ची सिनेट समितीपुढची साक्ष, तापमानवाढ हा नैसर्गिक चढउतार नाही याची ‘९९ टक्के खात्री’ देणारी, प्रसिद्ध आहे. पुढच्या वर्षीची फारशी कोणाच्या लक्षात नाही, पण सरकारी शास्त्रज्ञांचे शब्द वरून बदलले जाण्याच्या या विषयाचं मूळ तिथे आहे. मे १९८९ मध्ये त्यांची लेखी साक्ष अर्थसंकल्प सांभाळणाऱ्या कचेरीतून तपासून आली, तेव्हा तिच्यात भर पडली होती: हे निष्कर्ष अजून विकसित होत असलेल्या संगणकीय प्रारूपांवरचे अंदाज आहेत, खात्रीची भाकितं नव्हेत. नाव शास्त्रज्ञांचं, मजकूर कचेरीचा. त्यांनी सुनावणी घेणाऱ्या सिनेटरला आधीच कळवून ठेवलं आणि भर सुनावणीत तो बदल उघड झाला.

सगळा घोळ ‘अनिश्चितता’ या शब्दाचा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान १.५ ते ४.५ अंश सेल्सिअसने वाढेल, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या १९७९ च्या एका अहवालात म्हटलं होतं. शास्त्रज्ञांच्या लेखी या दोन आकड्यांमधली जागा म्हणजे अनिश्चितता. त्यातलं खालचं टोकसुद्धा शून्य नाही. कचेरीत मात्र त्याच शब्दाचा अर्थ ‘अजून काही नक्की नाही, तूर्त फाइल राहू द्या’ असा होतो. मराठीत तर आणखी पंचाईत. उद्याचा पाऊस तेही हवामान, तीस वर्षांची सरासरी तेही हवामानच. ‘ह्यांना उद्याचं सांगता येत नाही, शंभर वर्षांचं काय सांगणार’ हा कट्ट्यावरचा युक्तिवाद आपल्याला भाषेनेच आयता दिलाय.

या शब्दाचा पुरेपूर वापर झाला २००२-२००३ च्या अहवालांत. राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतला एक अधिकारी हवामानविषयक अहवालांचे मसुदे हाताने दुरुस्त करत असे. तो वकील होता, शास्त्रज्ञ नव्हे, आणि आला होता तेल उद्योगाच्या संघटनेतून. ‘अनिश्चितता’ या शब्दाआधी त्याने ‘लक्षणीय आणि मूलभूत’ ही विशेषणं चिकटवली. कारणं ठरवणं ‘अवघड’ आहे, तिथे ‘अत्यंत’ घातलं. हिमनद्यांवरचा परिच्छेद काढून टाकला आणि समासात शेरा मारला, की हे संशोधनाची दिशा सोडून तर्कवितर्कात शिरणं आहे. यातला एकही बदल धडधडीत खोटा नव्हता, म्हणूनच पकडायला कठीण. जून २००५ मध्ये प्रकरण बाहेर आलं, दोन दिवसांत त्याने राजीनामा दिला आणि काही दिवसांतच एका मोठ्या तेल कंपनीने त्याला नोकरी देत असल्याचं जाहीर केलं.

त्याच डिसेंबरमध्ये १९८८ च्या साक्षीवाल्या शास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत व्याख्यान दिलं. त्यानंतर त्यांची भाषणं, निबंध, मुलाखती आधी मुख्यालयाने पाहाव्यात, असं फर्मान निघालं. रेडिओची एक मुलाखत नाकारली गेली, ती जनसंपर्क विभागातल्या २४ वर्षांच्या राजकीय नेमणुकीच्या तरुणाकडून. शास्त्रज्ञ बोलले तेव्हा बातमी झाली. त्या तरुणाची बायोडेटात लिहिलेली पदवी पूर्णच झाली नव्हती, असं निघालं आणि तो गेला. मार्च २००६ मध्ये संस्थेने नवं माध्यम-धोरण आणलं. २००८ च्या अंतर्गत चौकशीने जनसंपर्क विभागावरच ठपका ठेवला.

माहितीची मुस्कटदाबी उघड करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना २०१२ च्या कायद्याने संरक्षण दिलं. ते कितपत पुरतं, हे २०१७ मध्ये दिसलं. अलास्कातल्या किनारी गावांच्या धोक्याबद्दल बोलणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याची बदली हिशेब विभागात झाली, खनिज इंधन कंपन्यांचे रॉयल्टीचे चेक जमा होतात तिथे. त्याने जुलैत जाहीर लेख लिहिला आणि ऑक्टोबरमध्ये नोकरी सोडली. राष्ट्रीय उद्यानांच्या समुद्रपातळीवरील अहवालाच्या मसुद्यातून ‘मानवनिर्मित’ हा शब्दच खोडला होता. बातमी फुटल्यावर मे २०१८ मध्ये तो शब्द परत आला. पुढे अहवालाच्या मुख्य लेखिकेची नेमणूक मात्र वाढवली गेली नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रीय हवामान अहवालाच्या सुमारे ४०० लेखकांना एकगठ्ठा मोकळं करण्यात आलं. त्याच वर्षी पर्यावरण यंत्रणेतल्या कर्मचाऱ्यांनी सरकारी धोरणांशी जाहीर असहमतीचं पत्र काढलं. काहींनी नावानिशी सह्या केल्या, काहींनी नाव न देता. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सुमारे १४० जणांना सक्तीच्या रजेवर धाडलं गेलं.