गायरान कुणाचं? मानवजातीच्या नाशाच्या भाकितामागची पार्श्वभूमी

हिवाळ्यात बेळगाव तालुक्यात गावोगावी साहित्य संमेलनं भरू लागली की परिसंवादांना आणि वक्तृत्व स्पर्धांना विषय लागतात. सीमाप्रश्न, मराठी शाळा, उसाची बिलं हे हमखास. त्यांच्या जोडीला एखादा जगाची चिंता वाहणारा विषयही असतो: माणसाचा स्वार्थ आणि संघर्ष मानवजातीला बुडवणार का? मुलं अणुबाँब, प्लास्टिक, वितळणारा बर्फ असं करत पाच मिनिटं भरतात आणि 'होय' म्हणून व्यासपीठावरून उतरतात. ते 'होय' इतकं अंगवळणी कसं पडलं, याचा हा मागोवा. 'संघर्ष' या शब्दाबद्दल आधीच एक सांगून टाकतो. १९५६ मध्ये हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला; त्यानंतर इथे वाढलेल्या मराठी माणसाला तो शब्द शिवीसारखा लागत नाही, त्यामुळे या टिपणात स्वार्थाला जास्त जागा मिळाली आहे.

आपल्या भाषेला ही गोष्ट नवी नाही. मौसलपर्वात यादव दारूच्या नशेत लव्हाळ्याचं मुसळ करून एकमेकांना मारतात, आणि आपापसातल्या युद्धाला मराठीत आजही 'यादवी' म्हणतात. 'भाऊबंदकी' तर शब्दशः नुसतं नातं सांगते, पण ऐकणाऱ्याला बांधावरचं भांडणच दिसतं. तरी जुन्या गोष्टींत बुडतं ते एखादं कुळ किंवा एखादी नगरी. प्रलय झाला तरी पुन्हा नवं युग सुरू होतं. सगळी मानवजात स्वतःच्या करणीने कायमची संपेल, ही कल्पना आपल्या आजीच्या गोष्टीत नव्हती.

युरोपात १६५१ मध्ये एका इंग्रज तत्त्ववेत्त्याने लिहिलं की धाक नसेल तर सगळे सगळ्यांशी लढतील. १७९८ मध्ये दुसऱ्याने सांगितलं की तोंडं वाढतात त्या वेगाने धान्य वाढत नाही. हा दुसरा विचार आपल्या दाराशीही आला. १८७६-७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, कलादगी होरपळत असताना इंग्रजी कारभारावर त्याचीच छाया होती, आणि त्याच काळात भारतातून धान्याची निर्यात चालू होती. माणसं स्वार्थाने मेली म्हणायचं तर कुणाच्या, हे विचारायला हवं.

मग १९४५ मध्ये अणुबाँब पडला. भाकिताला यंत्र मिळालं. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक प्रतीकात्मक घड्याळ छापलं, त्यात विनाशाच्या मध्यरात्रीला सात मिनिटं उरली होती. १९९१ मध्ये काटा मागे जाऊन मध्यरात्रीला सतरा मिनिटं उरली आणि २०२५ मध्ये ८९ सेकंदांवर आला. गंमत अशी की अण्वस्त्रं १९८६ च्या सुमारास सत्तर हजारांच्या घरात होती आणि आता बारा हजारांच्या आसपास आहेत. साठा घटला, काटा पुढे सरकला. कारण घड्याळात पुढे हवामान आणि इतर धोकेही धरले गेले. म्हणजे युद्धाच्या भीतीत हळूहळू हावेची भीती मिसळली.

या मिसळण्यात एका लेखाचा वाटा फार मोठा आहे आणि तिथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या बहुतेक भाषणांचा सांगाडा, वक्त्याला माहीत नसताना, तिथूनच आलेला असतो.

डिसेंबर १९६८ मध्ये एका अमेरिकी विज्ञान साप्ताहिकात एका जीवशास्त्रज्ञाचा सहा पानांचा लेख आला. लेख मुळात लोकसंख्येवर होता. लोकांच्या लक्षात राहिलं ते त्यातलं कुरण. सर्वांना मोकळं कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो: आणखी एक गाय सोडली तर दूध माझं, आणि चाऱ्याचं नुकसान सगळ्यांत वाटून जाणार. मग सगळेच एकेक गाय वाढवतात आणि कुरण उजाड होतं. हे उदाहरणही त्याचं स्वतःचं नव्हतं, १८३३ मधल्या एका इंग्रजी पुस्तिकेतून घेतलेलं होतं. पण 'सामायिक मालकीची शोकांतिका' हा मथळा जगभर गेला. नद्या, मासे, जंगल, हवा, काहीही असो, मथळा लावला की वाद मिटला असं लोक मानू लागले.

घोळ 'सामायिक' या शब्दात आहे. आपल्या शिवारातलं गायरान घ्या. हा शब्द इकडे कानडी बोलणाऱ्यांच्या तोंडीही आहे, त्यामुळे यावरून तरी भाषिक वाद होणार नाही. गायरान कुणाचं? गावाचं. म्हणजे कुणाचंच नाही का? जुन्या माणसांना विचारा. कुणाची गुरं कुठल्या बाजूला जायची, पावसाळ्यात कुठला भाग राखायचा, परगावची गुरं शिरली तर ती कोंडवाड्यात घालायची, हे ठरलेलं असायचं. जे सामायिक असतं त्याला धनी असतात, फक्त ते अनेक असतात. ज्याला धनीच नाही ते बेवारस. १९६८ च्या लेखाने बेवारस कुरणाचं वर्णन केलं आणि नाव सामायिक कुरणाचं घेतलं. लेखकाने ही चूक तीस वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच साप्ताहिकात कबूल केली: आपण 'व्यवस्था नसलेलं' हे विशेषण गाळलं, असं त्याने लिहिलं. तोवर मथळा शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचला होता. कबुलीला मथळ्याइतके पाय नसतात.

शब्दाचा हा गोंधळ निरुपद्रवीही नव्हता. याच लेखकाने १९७४ मध्ये श्रीमंत देशांना होडीची उपमा देऊन असं मांडलं की पाण्यात गटांगळ्या खाणाऱ्या गरीब देशांना आत घेऊ नये, आणि त्यात भारताचं उदाहरण दिलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याच संमेलनात आपली मुलं त्याचा युक्तिवाद टाळ्या घेत म्हणतात. शिवाय हे आपल्यावर आधी होऊन गेलं होतं. इंग्रजांनी महसुलाच्या सोयीसाठी गावाच्या वापरातली पुष्कळ जमीन 'पडीक' म्हणून लिहिली. खानापूरच्या पश्चिमेला जंगलात कुमरी, म्हणजे झाडं तोडून-जाळून फिरती शेती करणाऱ्यांना नासाडी करणारे ठरवून आवळलं आणि १८७८ च्या कायद्यानंतर राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या. आधी बेवारस म्हणायचं आणि मग ताब्यात घ्यायचं, हा क्रम १९६८ पेक्षा जुना आहे.

विरोधी पुरावा एका अमेरिकी अभ्यासक बाईंनी गोळा केला. त्यांचं पुस्तक १९९० मध्ये आलं. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या उदाहरणांत स्वित्झर्लंडमधलं एक डोंगरी गाव आहे. तिथे १५१७ पासून लेखी नियम आहे की हिवाळ्यात जेवढ्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतात तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर न्यायच्या. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाटाच्या पाण्याचे तंटे शेतकऱ्यांचंच पंचमंडळ दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी बसून तोंडी मिटवतं, आणि हे शतकानुशतकं चालू आहे. तिथली माणसं आपल्यापेक्षा साधू नाहीत. पाळी चुकवणारा तिथेही असतो, पण तो शेजाऱ्याला दिसतो आणि त्याला दंड होतो.

दिसणं महत्त्वाचं. बांध कोरणारा भाऊ दरवर्षी नांगराची एकच सरी पलीकडे ढकलतो, तरी तो चार वर्षांत पकडला जातो. बोअर मारणारा पकडला जात नाही. चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात कुणी किती फूट खाली गेला आणि किती पाणी उपसलं हे जमिनीवरून दिसत नाही. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला कर्नाटकात वीज फुकट आहे, त्यामुळे बिलातूनही कळत नाही. १९६८ च्या लेखातलं कुरण शोधायचंच असेल तर ते आपल्याकडे जमिनीखाली आहे.

जगाच्या पातळीवर एक गोष्ट जमून गेली, ती भाषणांत क्वचित येते. ओझोन थराला भोक पाडणारे वायू बंद करण्याचा करार १९८७ मध्ये झाला, पुढे सगळ्या देशांनी तो स्वीकारला आणि थर भरून येऊ लागला आहे. कर्बवायूच्या बाबतीत तसं झालेलं नाही. तिथे बदली वस्तू स्वस्त नव्हती आणि ज्यांचा धंदा बुडणार होता ते फार मोठे होते.

आपल्या दारातली कृष्णा या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. १९७३ च्या लवादाने ७५ टक्के भरवशाचं, म्हणजे शंभरातली पंचाहत्तर वर्षं मिळेल असं पाणी २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरून तीन राज्यांत वाटलं. पुढे २०१० मध्ये दुसऱ्या लवादाने कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली आणि तो विषय न्यायालयात अडकला. २०१९ चं साल आठवा. मे महिन्यात नदी कोरडी, कर्नाटक महाराष्ट्रातल्या कोयना धरणाचं पाणी मागत होता आणि महाराष्ट्र विचारत होता, बदल्यात काय देता? ऑगस्टमध्ये त्याच नदीने सांगली, चिक्कोडी, अथणी एकाच वेळी बुडवली. मग सांगलीकर अलमट्टीकडे बोट दाखवू लागले आणि इकडचे कोयनेकडे. महाराष्ट्रानेच नेमलेल्या समितीने २०२० मध्ये सांगितलं की पुराला अलमट्टी कारण नाही. तिकडे ते फारसं कुणी मानलं नाही. २०२१ मध्ये दोन्ही राज्यांचे मंत्री भेटले आणि विसर्गाची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायचं ठरलं. सीमेचा दावा २००४ पासून न्यायालयात असलेली ही दोन राज्यं नदीच्या आकड्यांवर बोलतात, याची बातमी होत नाही.

२०२५ मध्ये कर्नाटकाने अलमट्टीच्या वाढीव पातळीने बुडणाऱ्या जमिनीच्या भरपाईचे दर ठरवले. महाराष्ट्राची हरकत त्याआधीच गेली होती. अथणी तालुक्यातली नदीकाठची गावं धरणाच्या वरच्या अंगाला आहेत, म्हणजे धरणामागे पाणी तुंबून वर चढतं त्या फुगवट्याची धास्ती त्यांना सांगलीइतकीच, आणि उतारे मात्र कर्नाटकाचे. त्यांची हरकत कुठल्या राज्याने नोंदवायची, हे अजून ठरलेलं नाही.