दुर्मिळ जनुकीय आजार असला तरी भूल देता येते

"दुर्मिळ जनुकीय आजार असेल तर भूल सोसत नाही, म्हणून अवयव प्रत्यारोपण होऊच शकत नाही," असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. ही भीती अगदी समजण्यासारखी आहे, कारण काही आजारांत भुलीची ठरावीक औषधं खरंच घातक ठरतात. पण भुलीसाठी एकच औषध नसतं.

तीव्र पॉर्फिरियात (रक्तातला 'हीम' हा घटक बनवण्यातला जनुकीय दोष) थायोपेंटोन हे भुलीचं औषध टाळतात, त्याऐवजी प्रोपोफॉल चालतं. मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भुलीच्या काही औषधांनी स्नायू ताठरून अंगाचं तापमान झपाट्याने वाढण्याचा) धोका असेल तर हुंगवायची वायुरूप औषधं आणि स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन वर्ज्य. भूल शिरेतून देतात, या त्रासावरचं औषध डॅन्ट्रोलीन हाताशी ठेवतात. मेपल सिरप युरीन डिसीजमध्ये (प्रथिनांतली काही अमिनो आम्लं शरीराला नीट मोडता येत नाहीत असा आजार) तर उपाशी राहणंच मोठ्या धोक्याचं. शरीर स्वतःची प्रथिनं मोडू लागतं, रक्तात ल्युसीन हे त्यातलंच एक अमिनो आम्ल वाढतं, मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून आधीपासूनच शिरेतून ग्लुकोज देतात. आणि याच आजारावर यकृत प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे! भूल अशक्य असती तर तो करताच आला नसता.

जोखीम असतेच, आणि ती प्रत्येकाची वेगळी. म्हणून भूलतज्ज्ञांना आजाराचं नेमकं नाव, जनुकीय अहवाल, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तोही सांगा. मग थेट विचारा: कोणती औषधं टाळणार, त्याऐवजी काय देणार, उपाशी किती वेळ ठेवणार?