शुगरची स्ट्रिप प्रत्येक गोडवा मोजत नाही

थंडीत नागपुरात घरोघरी संत्री सोलली जातात, आणि तेव्हा एक जुना समज हमखास ऐकू येतो: रक्तातली साखर मोजणाऱ्या शुगर मशीनची स्ट्रिप कुठलाही गोडवा पकडते, साखर असो वा फळ. हे खरं नाही.

अनेक स्ट्रिप्सवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) असतं, अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचं. त्याची स्फटिकरचना, म्हणजे स्फटिकावरून काढलेली रेणूची मांडणी, १९९३ साली प्रसिद्ध झाली, २.३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाईने. स्फटिक मिळावेत म्हणून एन्झाइमला चिकटलेल्या शर्करेच्या साखळ्या आधी छाटाव्या लागल्या, हे मला फार विलक्षण वाटतं. रचनेत दोन सारखे भाग आहेत आणि प्रत्येकात खोलवर फ्लेविनचा, म्हणजे एफएडी या मदतनीस रसायनाचा, एक रेणू बसलेला आहे. त्याच्याकडे जाणारी खाच नरसाळ्यासारखी निमुळती. तिथे बीटा-ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजचंच एक रूप, नेमकं बसतं. फ्लेविन त्याचे दोन हायड्रोजन ओढून घेतं. त्यांच्यासोबतचे इलेक्ट्रॉन मध्यस्थ रसायनामार्फत मशीनपर्यंत पोचतात आणि आकडा उमटतो. फळातलं फ्रुक्टोज किंवा चहातली साखर या खाचेत जवळपास निरुपयोगी. काही स्ट्रिप्सवर वेगळं एन्झाइम असतं, पण तेही ग्लुकोजसाठीच निवडलेलं.

मग संत्रं सोललेल्या, न धुतलेल्या बोटाचं रक्त तपासल्यावर आकडा का चढतो? कारण संत्र्याच्या रसात खरोखरचं ग्लुकोजही असतं, आणि रक्ताचा थेंब इवलासा. म्हणून आधी हात पाण्याने धुऊन कोरडे करा. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही.